विषय संपले म्हणणाऱ्या एका टेक लेखकाची केस

ही केस माझ्या एका मित्राची आहे, त्याला विचारून लिहितोय, फक्त नाव नको म्हणाला. दिवसा तो एका कंपनीत सिस्टिम सांभाळतो, म्हणजे सर्व्हर, लॅपटॉप, प्रिंटर, वायफाय, जे काय बंद पडेल ते त्याच्या डोक्यावर. उरलेल्या वेळात टेक्नॉलॉजीवर लिहितो, दर आठवड्याला एक लेख, साध्या वाचकांसाठी, बऱ्याच वर्षांपासून. मी त्याचे लेख बाहेर जायच्या आधी वाचतो, खाडाखोड सुचवतो, आणि त्यामुळे त्याची गाडी कुठे अडली ते मला जरा जवळून दिसलं.

तो म्हणाला सदर बंद करतो, विषय संपले. आता हे लिहिणारा प्रत्येक जण कधी ना कधी म्हणतोच, पण त्याचे मागचे काही महिन्यांचे लेख काढून बघितले तर त्याचं खरंच होतं. नवीन फोन आला, त्याची जुन्याशी तुलना. अमुक अॅपमध्ये तमुक फीचर आलं. एका एआय मॉडेलची घोषणा, मग दुसऱ्याची, मग पहिल्याच्या पुढच्या व्हर्जनची. मधेच एक 'पासवर्ड सुरक्षित कसा ठेवाल'. वाईट लिहिलेलं काहीच नव्हतं, पण नावं झाकून ठेवली तर हे त्यानेच लिहिलंय असं मलासुद्धा सांगता आलं नसतं.

आधी त्याने काय काय करून बघितलं ते सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात.

पहिलं म्हणजे वाचन वाढवलं. अजून फीड, अजून न्यूजलेटर, हॅकर न्यूज ही टेकच्या बातम्यांची साइट रोज सकाळी, कीवर्डचे अलर्ट. परिणाम उलटाच झाला. काय होतं ना, की मोठ्या साइट्सना फोन किंवा सॉफ्टवेअर आधीच हातात दिलेलं असतं, अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत छापायचं नाही या अटीवर, त्याला एम्बार्गो म्हणतात, आणि ती वेळ झाली की जगभर एकाच मिनिटाला ढिगाने रिव्ह्यू येतात. हा बिचारा तेव्हा ते वाचायला सुरुवात करणार, रात्री ऑफिसातून आल्यावर लिहिणार, म्हणजे तो कायम एक दिवस मागे आणि तेही दुसऱ्याने वापरलेल्या फोनवर मत देणार. हॅकर न्यूजसारख्या ठिकाणी वरती जे दिसतं ते तर आधीच शेकडो लोकांनी मतं देऊन निवडलेलं असतं, तिथून विषय उचलायचा म्हणजे चावून चोथा झालेला विषयच उचलायचा. जितकं जास्त वाचेल तितकं त्याला वाटायला लागलं की सगळ्यांनी सगळं लिहून ठेवलंय.

दुसरं, चॅटबॉटला विचारलं की टेक्नॉलॉजीवर ताजे विषय दे. लगेच दिले. एआय आणि नोकऱ्या, सायबर सुरक्षेच्या सवयी, क्वांटम कॉम्प्युटिंग सोप्या भाषेत, स्मार्ट घर, डिजिटल डिटॉक्स. यादी दिसायला छान, पण एकही विषय दुसऱ्या परिच्छेदापर्यंत जाईना. ज्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय तेच अशा यंत्राच्या तोंडी आधी येणार, ते तसंच बनवलंय, त्यात त्याची काही चूक नाही, पण ताजं मागायला ती जागा चुकीची. (नंतर त्याच चॅटबॉटचा दुसऱ्या कामाला बरा उपयोग झाला, ते पुढे येईल.)

तिसरं, कायम चालणारे विषय. फोनचं स्टोरेज भरलं तर काय, वायफाय स्लो का. हे लेख लोक शोधतात, मान्य, पण असे लेख आधीच इतके पडलेत की आपला अजून एक टाकून काय साधणार, आणि लिहिताना त्यालाच झोप येत होती.

मग आम्ही त्याचे सगळे जुने लेख एका शीटमध्ये टाकले आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारला, की कंपनीची प्रेस नोट हातात असलेल्या दुसऱ्या कोणीही हा लेख लिहिला असता का? जवळपास सगळीकडे 'हो' आलं. 'नाही' आलं ते अगदी हातावर मोजण्याइतक्यांपुढे, आणि त्यातला एक लेख त्याला स्वतःला आठवतसुद्धा नव्हता. विषय सुचला नाही म्हणून घाईत उरकलेला होता तो. विषय काय, तर लॅपटॉपचं घड्याळ चुकलं की वेबसाइट उघडत नाहीत.

झालं असं होतं की ऑफिसात एकीचा जुना लॅपटॉप 'नेट चालत नाही' म्हणून आला. नेट व्यवस्थित चालू होतं. पण मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२ म्हणतात तो, संपलेला, त्यामुळे मशीन पूर्ण बंद झालं की तारीख काही वर्षं मागे जायची. आता प्रत्येक सुरक्षित वेबसाइटचं एक सर्टिफिकेट असतं आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत चालेल' असं असतं. ब्राउझर ते लॅपटॉपच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ मागे असेल तर ब्राउझरच्या हिशोबाने हे सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, मग तो दार लावून घेतो आणि समोर लाल इशारा. वेळ नेटवरून आपोआप जुळायला पाहिजे हे खरं, पण फरक फारच मोठा असेल तर विंडोज कधीकधी ती गुपचूप दुरुस्त करत नाही, तसंच सोडून देते. एवढंच होतं लेखात. आणि त्या लेखावर लोकांची पत्रं अजून येतात, 'माझंही अगदी असंच झालं होतं' म्हणून.

मला इथे केस उलगडली असं वाटलं. विषय संपलेच नव्हते, तो दिवसभर विषयांतच उभा होता आणि संध्याकाळी ते ऑफिसात ठेवून घरी येऊन बातम्यांत विषय शोधत होता. काखेत कळसा म्हणतात ते हेच. त्याला हे पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, 'अरे, प्रिंटर आणि पासवर्ड रीसेट, यात लिहिण्यासारखं काय आहे, हे तर माझं रोजचं दळण.' मी म्हटलं, दळण तुझ्यासाठी. ज्याचं नेट बंद पडलंय त्याच्यासाठी नाही.

पण नुसतं 'रोजच्या कामातून लिही' असं म्हणून भागत नाही, ते मी आधी दहा जणांना सांगितलंय आणि दहाही जणांनी 'ऑफिसातली एक गंमत' छापाचे लेख लिहिलेत. घड्याळाचा लेख चालला कारण त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे काहीतरी अडलं होतं, म्हणजे व्हायला हवं होतं एक आणि झालं भलतंच. आणि दुसरं, त्या अडण्याच्या मागे जात जात तो एका पक्क्या नियमापर्यंत पोचला होता, सर्टिफिकेटच्या तारखांपर्यंत. पहिलं असेल आणि दुसरं नसेल तर ती तक्रार होते. दुसरं असेल आणि पहिलं नसेल तर पाठ्यपुस्तक.

तर ठरलं असं की तो विषयांची यादी करणं बंद करणार आणि अडलेल्या गोष्टींची करणार. फोनमध्येच एक नोट. त्यात 'सायबर सुरक्षा' असं लिहायला बंदी, काय करत होतो, काय होईल वाटलं होतं, काय झालं, एवढंच, तेही त्याच दिवशी. पहिल्या काही नोंदी अगदीच फुसक्या होत्या. 'प्रिंटरने पान उलटं छापलं' यातून कोणाचंही भलं होणार नाही.

आणि मग एसएमएसवाली नोंद आली. ही जरा सविस्तर सांगतो कारण सगळी केस हिच्यावरच फिरली.

त्याची कंपनी ग्राहकांना अपॉइंटमेंटची आठवण एसएमएसने पाठवते, इंग्रजीत, साधारण दीडशे अक्षरांचा ठरलेला मजकूर. अकाउंट्सच्या मॅडम बिल घेऊन आल्या, 'अहो, ग्राहक तेवढेच आहेत, मेसेज तेवढेच गेलेत, मग बिलात मेसेजचा आकडा तिप्पट कसा?' पाठवणाऱ्या सर्व्हिसला फोन केला तर ते म्हणाले आमचं बरोबर आहे. याने लॉग, म्हणजे काय काय पाठवलं त्याची सिस्टिममधली नोंद, काढला. महिन्याच्या सुरुवातीला कोणीतरी मजकूर किरकोळ बदलला होता, अक्षरं वाढलीच नव्हती. एकच फरक होता, नवा मजकूर वर्डमध्ये टाइप करून तिथून पेस्ट केलेला, आणि वर्डने आपल्या सवयीप्रमाणे 'डोन्ट' मधला सरळ उभा अॅपॉस्ट्रॉफी बदलून वळणदार केला होता. एक टिंबाएवढं चिन्ह. त्याने एका मेसेजचे तीन झाले होते.

त्याने नोंद केली आणि पुढे लिहिलं, 'बोअर आहे, सोडून दे'. मी म्हटलं सोडू नको, तीनच का झाले ते सांग. दोन का नाहीत?

हा प्रश्न त्याला झोंबला आणि दोन-तीन संध्याकाळी तो त्यातच बुडाला. जे सापडलं ते असं. एसएमएसला जागा असते १४० बाइट्सची. मोबाइल नेटवर्क कॉल जोडायला वगैरे जे निरोप आपसांत पाठवतं त्याच वाटेने एसएमएस जातो, म्हणून जागा इतकी तुटपुंजी. जीएसएमने, म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या एका जुन्या स्टँडर्डने, या जागेत जास्तीत जास्त अक्षरं कोंबायला स्वतःची एक छोटी वर्णमाला बनवली ज्यात एक अक्षर ७ बिट्सचं. एका बाइटमध्ये ८ बिट्स, म्हणून १४० बाइट्स म्हणजे ११२० बिट्स, भागिले ७, आले १६०. ते १६० अक्षरांचं बंधन आपल्याला माहीत असतं ते इथून आलेलं. पण मजकुरातलं एक जरी अक्षर त्या वर्णमालेत नसेल तरी पूर्णच्या पूर्ण मेसेज दुसऱ्या पद्धतीत जातो, तिथे प्रत्येक अक्षराला १६ बिट्स, आणि मग १४० बाइट्समध्ये मावतात फक्त ७०. बाकीची १४९ अक्षरं साधी एबीसीडी असली तरी काही फरक पडत नाही, ती पण १६ बिट्सचीच होतात. वळणदार अॅपॉस्ट्रॉफी त्या वर्णमालेत नाही. इमोजीही नाही.

आता तीन का? मेसेज ७० च्या वर गेला की तुकडे होतात, आणि पलीकडच्या फोनने ते नीट जोडावेत म्हणून प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर ६ बाइट्सची एक पट्टी लागते, हा कितवा तुकडा, एकूण किती, वगैरे. उरले १३४ बाइट्स, म्हणजे ६७ अक्षरं. दोन तुकड्यांत १३४, आणि मजकूर होता दीडशेचा, म्हणून तिसरा तुकडा. बिल तंतोतंत बरोबर होतं.

इथपर्यंत आल्यावर तो थांबेचना. त्या ७ बिट्सच्या वर्णमालेचा मूळ तक्ता उघडून बसला आणि मला रात्री मेसेज करायला लागला, की बघ यात ग्रीकची कॅपिटल अक्षरं आहेत, डेल्टा, ओमेगा, पण बॅकटिक, म्हणजे उलटी तिरकी खूण (`), नाही, शेपटीवाला कॅपिटल सी आहे आणि त्याचंच लहान अक्षर नाही, युरोचं चिन्ह आणि चौकोनी कंस वापरता येतात पण एकाला दोन अक्षरांची जागा खातात. देवनागरी तर पहिल्यापासूनच ७० च्या खात्यात, आणि तिथे मोजणी डोळ्याला दिसतं त्या अक्षरांची होत नाही, 'क्षि' आपल्याला एक दिसतो पण तो मोजला जातो चार, क, हलंत, ष आणि वेलांटी. आई-बाबा-दोन मुलं असं कुटुंबाचं जे एकच इमोजी दिसतं ते तर अकरा जागा खातं, चार माणसं प्रत्येकी दोन आणि त्यांना जोडणाऱ्या तीन अदृश्य खुणा.

लेख लिहिला तेव्हा पहिल्या ड्राफ्टमध्ये त्याने एसएमएसचा इतिहासच लावला होता सुरुवातीला. ३ डिसेंबर १९९२ ला नील पापवर्थ नावाच्या इंजिनिअरने पहिला एसएमएस पाठवला, 'मेरी ख्रिसमस' असा, वगैरे. खरं आहे, पण हे सगळीकडे मिळतं, आणि मॅडमचं तिप्पट बिल वाचायला वाचक तिसऱ्या परिच्छेदापर्यंत का थांबेल? ते आम्ही काढून टाकलं. ट्विटरची सुरुवातीची १४० ची मर्यादा मात्र ठेवली, कारण ट्वीट तेव्हा एसएमएसनेही जायचे आणि ती मर्यादा थेट याच जागेच्या टंचाईतून आली होती, १६० मधून २० अक्षरं युजरनेमसाठी राखून ठेवली आणि उरली १४०.

एक अडचण होती आणि ती खरी होती. बिल कंपनीचं, लॉग कंपनीचे, ग्राहक कंपनीचे. ऑफिसातलं काही लिहायचं तर हा प्रश्न दर वेळी येतो आणि 'नाव दिलं नाही की झालं' एवढं ते सोपं नाही, छोट्या कंपनीत कोण ते लगेच कळतं. त्याने साहेबांना सरळ विचारलं. साहेब म्हणाले कंपनी आणि सर्व्हिस दोन्हीचं नाव नको, आकडे नको, बाकी लिही. मग त्याने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या मजकुरावर तोच प्रयोग पुन्हा केला. साध्या एसएमएसच्या खिडकीत मर्यादा जवळ आली की उरलेल्या अक्षरांचा आकडा दिसतो, तिथे एक इमोजी टाकला की आकडा धाडकन कोसळतो, तो पुसला की परत वर. लेखात हाच प्रयोग गेला आणि तो जास्त चांगला होता, कारण वाचक वाचता वाचता फोन काढून स्वतः करून बघू शकत होते. ऑफिसातला प्रसंग विषय सुचवायला वापरायचा आणि पुरावा मात्र बाहेरचा, कोणालाही करून बघता येईल असा द्यायचा, हे तेव्हापासून ठरूनच गेलं.

चॅटबॉटचा उपयोग इथे झाला. 'मला विषय दे' म्हणून काही मिळालं नव्हतं, पण 'एसएमएसची ही वर्णमाला कुठल्या स्टँडर्डमध्ये आहे' विचारल्यावर नाव पटकन मिळालं, जीएसएम ०३.३८, आणि मग मूळ कागद उघडून आकडे तिथून घेतले. उलट क्रमाने करू नये. चॅटबॉटने सांगितलेली एक तारीख मूळ कागदात सापडली नाही, ती गाळली.

याच्यानंतर त्याची नजरच बदलली म्हणायची. आता तो कंपन्यांच्या घोषणांऐवजी वेगळे कागद वाचतो. रिलीज नोट्सचा, म्हणजे नव्या व्हर्जनसोबत येणाऱ्या बदलांच्या यादीचा, शेवट, जिथे 'माहीत असलेल्या अडचणी' आणि 'हे फीचर काढून टाकलंय' असं बारीक अक्षरात असतं, कारण घोषणेत जे मिरवलेलं असतं ते सगळे लिहिणारच आहेत. आणि पोस्टमॉर्टेम. म्हणजे एखादी सर्व्हिस बंद पडली की काही कंपन्या काय चुकलं ते सविस्तर जाहीर करतात, ते.

गिटलॅब या प्रोग्रामरचा कोड सांभाळणाऱ्या सर्व्हिसचं २०१७ चं पोस्टमॉर्टेम त्याने तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. ३१ जानेवारीला एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं, सुमारे ३०० जीबीतले थांबवेपर्यंत साडेचारच उरले, ही गोष्ट टेक्नॉलॉजीवर लिहिणाऱ्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यावर आता लिहायचं म्हणजे शिळ्या कढीला ऊत. पण आत एक छोटी गोष्ट आहे. रोजचा बॅकअप आधीपासूनच फेल होत होता, कारण बॅकअप घेणारं टूल जुन्या व्हर्जनचं आणि डेटाबेस नव्या. फेल झाला की मेल जायचा. पण तो मेल डीमार्क नावाच्या ईमेल तपासणीत नापास होऊन नाकारला जायचा, म्हणून कोणाला कळलंच नाही. ही ओळ वाचून हा पठ्ठ्या उठला आणि आपल्या ऑफिसचे बॅकअप फेल झाल्याचे मेल कुठे जातात ते बघायला गेला. काय सापडलं ते त्याने मला सांगितलं, लेखात लिहिलं नाही, आणि ते बरोबरच केलं. लेख मात्र झाला, घरच्या फोटोंचा बॅकअप थांबला तर तुमचा फोन तुम्हाला ते कसं सांगतो, आणि सांगतो का.

कोणी म्हणेल की इतकं बारीक बारीक बघून मोठे विषय निसटतील. मला तसं वाटत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या लिनक्सच्या कॉम्प्रेशन लायब्ररीत लपवलेलं मागचं दार, म्हणजे गुपचूप सर्व्हरमध्ये शिरायची वाट, सापडलं, कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून ते घुसवलं होतं, आणि ते जगभरच्या सर्व्हरवर पोचायच्या बेतात होतं. ते शोधणारा आंद्रेस फ्रॉइंड सुरक्षेचा माणूस नव्हता, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा होता, आणि त्याला खटकलं होतं ते इतकंच की लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तुम्हीआम्ही चहाचा घोट घेतला असता आणि पुढे गेलो असतो.

सगळंच जमलं असं नाही. फोन १०० टक्के दाखवतो आणि मग पुढचा बराच वेळ १०० वरच का अडून बसतो, या नोंदीवर त्याने खूप वेळ घालवला. बॅटरीच्या रसायनाबद्दल वाचलं, पण त्याच्या फोनच्या कंपनीने तो आकडा कसा काढलाय हे कुठेच जाहीर केलेलं नाही, आणि अंदाजावर अंदाज रचून लेख करणं त्याला नको होतं. सोडला. मला तो लेख हवा होता, पण त्याचं बरोबर होतं. एक्सेलने जनुकांची नावं तारखा समजून बदलली आणि शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांना जनुकांचीच नावं बदलायला लागली, हा विषय पण बाद झाला, भन्नाट आहे पण त्यात त्याचं स्वतःचं असं काहीच अडलं नव्हतं, त्याने तो कुठेतरी वाचला होता आणि आवडला होता. आवडलेला विषय आणि आपला विषय यात गल्लत फार लवकर होते.

जुन्या लेखांचं पण एक झालं. घड्याळाचा तो लेख त्याने परत काढला कारण एप्रिल २०२५ मध्ये सीए/ब्राउझर फोरमने, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या आणि ब्राउझर बनवणाऱ्यांच्या मंडळाने, ठरवलं की सर्टिफिकेटचं आयुष्य कमी करत न्यायचं. आधी जास्तीत जास्त ३९८ दिवस चालायचं, ते १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस. बातमी म्हणून सगळीकडे आली, सर्व्हर सांभाळणाऱ्यांना किती काम वाढणार वगैरे. याच्याकडे मात्र घड्याळ चुकलेला लॅपटॉप होता. सर्टिफिकेट वर्षभर चालणारं असेल तर घड्याळ दोन-तीन महिने मागेपुढे असलं तरी बरेचदा निभावून जायचं, ४७ दिवसांत तेवढी सवलत उरत नाही. हा कोन मी दुसरीकडे वाचला नव्हता. नियम ताजा होता, पण त्याचा लेख ताजा झाला तो जुन्या लॅपटॉपमुळे.

सदर बंद झालं नाही, पण आठवड्याचं पंधरवड्यावर आलं, कारण एका नोंदीच्या मागे जायला वेळ लागतो आणि दर आठवड्याला ते जमत नाही. हे त्याने वाचकांना सरळ सांगून टाकलं. आणि हेही खरं की फोनच्या लॉन्चच्या दिवशी टाकलेला लेख पहिल्या दिवशी जितका वाचला जायचा तितके हे लेख पहिल्या दिवशी वाचले जात नाहीत, हळूहळू येतात लोक. त्याला याचं अधूनमधून वाईट वाटतं, लॉन्चचा सीझन आला की हात शिवशिवतात.

सध्या आमचं भांडण २०३८ वरून चालू आहे. बऱ्याच जुन्या सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिट्समध्ये मोजतात, तो आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि १९ जानेवारी २०३८ ला तो भरतो, मग घड्याळ एकदम १९०१ मध्ये. मी म्हटलं यावर लिही, तारीख ठरलेली आहे. तो म्हणाला यावर लिहून लिहून लोक थकले, माझं यात काय अडलंय? बरोबर होतं. मग म्हटलं तुझा खणातला जुना अँड्रॉइड काढ आणि तारीख २०३८ च्या पुढे टाकून बघ काय होतं. त्याने काढला, आणि तारीख टाकताच येईना. कॅलेंडर २०३७ च्या डिसेंबरपर्यंत सरकतं आणि तिथे थांबतं, पुढचा बाण दाबला तरी हलत नाही, काही मेसेज नाही, काही नाही. म्हणजे ती अडचण कोणीतरी आधीच ओळखली होती आणि सोडवण्याऐवजी अलीकडे एक कुंपण घालून ठेवलं. अँड्रॉइडचा बराचसा कोड खुला आहे, तर ते २०३७ कोणत्या फाइलमध्ये आहे, कधी घातलं आणि घालताना बदलाच्या नोंदीत काय कारण लिहिलं, ते तो आता शोधतोय. मिळालं तर पुढचा लेख तोच, नाही मिळालं तर ती नोंद बॅटरीवाल्या नोंदीच्या खाली जाईल.